डेसिबलांच्या हिशेबाबाहेरचा बहिरेपणा

१९९५ साली संसदेने अपंग व्यक्तींच्या समान संधी व हक्कांविषयीचा कायदा संमत केला, तेव्हा त्यात श्रवणदोष कशाला म्हणावे याची व्याख्या घालण्यात आली. दोहोंपैकी बऱ्या कानात, संभाषणाच्या पट्टीतील ध्वनींसाठी, साठ डेसिबल वा त्याहून अधिक हानी झाली असेल तर तो श्रवणदोष. २०१६ साली त्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला. सात अपंगत्वांची यादी एकवीसवर गेली, भाषा अधिक उदार झाली, सरकारी कागदांतून 'अपंग' हा शब्द जाऊन 'दिव्यांग' हा शब्द आला आणि २०२२ च्या डिसेंबरात महाराष्ट्राने या विषयासाठी स्वतंत्र खातेही काढले. बहिरेपणाची व्याख्या मात्र फारशी हलली नाही. दोन्ही कानांत सत्तर डेसिबलांची हानी असेल तो बहिरा. साठ ते सत्तर असेल तो कमी ऐकू येणारा. मोजपट्टी डेसिबलांचीच राहिली आणि ती लावायची जागाही कान हीच राहिली.

या व्याख्येतून एक सबंध वर्ग बाहेर पडतो. पक्षाघाताच्या झटक्यात मेंदूचा श्रवणाशी संबंधित भाग निकामी झाल्यामुळे ज्यांचे ऐकणे गेले, अशा माणसांचा हा वर्ग. त्यांचा कान शाबूत असतो. कानाचा पडदा, आतील तीन हाडे, शंखाकृती नलिका, तेथून निघणारी मज्जातंतूची दोरी, सारे जागच्या जागी आणि चालू असते. गेलेला असतो तो कानशिलाच्या आत असलेला मेंदूचा पट्टा, जेथे आवाजाचा अर्थ लागतो. कायदा कानाला विचारतो; कान सांगतो की सर्व ठीक आहे; आणि तेवढ्यावर माणसाचा निकाल लागतो.

ही काही काल-परवा उजेडात आलेली गोष्ट नव्हे. जर्मन वैद्यकतज्ज्ञ कार्ल वेर्निके याने भाषा समजण्याचा मेंदूतील प्रदेश १८७४ साली दाखवून दिला. १८७७ साली कुसमाऊल याने 'शब्दबधिरता' ही संज्ञा वापरली. १८८३ साली वेर्निके आणि फ्रीडलेंडर यांनी मेंदूच्या दोन्ही बाजूंना इजा होऊन बहिऱ्या झालेल्या रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. म्हणजे आपल्या संसदेने १९९५ साली व्याख्या लिहायला घेतली त्या वेळी हे ज्ञान शंभराहून अधिक वर्षे जुने होते. अज्ञान ही सबब कायदा करणाऱ्यांना उपलब्ध नाही. बहिरेपणाचा प्रश्न कानाच्या दुकानातच सोडवायचा असे का ठरले, याचे कारण अन्यत्र शोधावे लागते.

त्याआधी या दुखण्याची घडण थोडी नीट पाहिली पाहिजे. कारण पुढचे सारे राजकारण तीवरच उभे आहे. डोळ्याप्रमाणे कानाचाही संदेश मेंदूच्या दोन्ही बाजूंना पोहोचतो. उजव्या कानाने ऐकलेले डाव्या गोलार्धात अधिक जाते, परंतु उजव्यातही जाते. म्हणून एका बाजूच्या झटक्याने सहसा कोणी बहिरा होत नाही. हात लुळा पडतो, तोंड वाकडे होते, बोलणे अडखळते, पण ऐकणे टिकून राहते. दोन्ही बाजूंचे श्रवणपट्टे निकामी झाले तरच खऱ्या अर्थाने मेंदूजन्य बहिरेपण येते. हे बहुधा दोन हप्त्यांत घडते. पहिला झटका एका बाजूला येतो, माणूस त्यातून बराचसा सावरतो, कामाला लागतो. काही महिन्यांनी वा वर्षांनी दुसरा झटका दुसऱ्या बाजूला येतो आणि त्या दिवशी जग गप्प होते. काही आठवड्यांनी आवाज परत येऊ लागतात. पण पुष्कळदा आवाज येतात आणि शब्द येत नाहीत. पावसाचा आवाज कळतो, भांडे पडल्याचा कळतो, माणूस बोलतो आहे हेही कळते. काय बोलतो ते कळत नाही. मातृभाषा परक्या मुलखातील बोलीसारखी वाटते. अशा रुग्णाला स्वतः बोलता येते, वाचता येते, लिहिता येते. केवळ कानावाटे येणारा शब्द त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. हीच शब्दबधिरता.

तिसरा एक प्रकार याच्या शेजारी ठेवावा लागेल. आतील कानाला रक्त पुरवणारी धमनी अत्यंत बारीक असून ती बहुधा लहान मेंदूकडे जाणाऱ्या एका धमनीची शाखा असते. तिला पर्यायी वाट नाही. मुख्य धमनी तुंबली की मेंदूच्या मागील भागाबरोबर एका बाजूचा कानही कायमचा मरतो. भोवळ येते, ओकाऱ्या होतात, आणि एक कान एकाएकी बंद होतो. कधीकधी कान बंद होणे हे झटक्याच्या काही दिवस आधीचे पूर्वचिन्ह असते. खेड्यातील माणूस अशा वेळी कानात मळ झाला असे समजून तेल घालतो. तालुक्याचा डॉक्टर भोवळीची गोळी देतो. गुठळी विरघळवण्याच्या औषधासाठी झटक्यानंतरचे साडेचार तास हातात असतात; ते तेल आणि गोळी यांच्यातच सरतात. यातून जो वाचला त्याच्याबाबतीत कायदा म्हणतो की दोन्ही कान गेले पाहिजेत. एक कान पूर्ण गेला तरी टक्केवारीच्या सूत्रात तो चाळीस टक्क्यांची रेघ गाठू शकत नाही.

आता कल्पना करावी की एस.टी.चा पन्नाशीतला एक कंडक्टर आहे. सव्वीस वर्षे त्याने गाडीत तिकिटे फाडली, अलीकडची काही वर्षे यंत्रावर छापली. त्याला दुसरा झटका आला आणि तो शब्दबधिर झाला. हातपाय धड आहेत. घंटी ऐकू येते, ड्रायव्हरचा हॉर्न ऐकू येतो, मागच्या बाकावर पोर रडते आहे हे ऐकू येते. परंतु म्हातारी पुढे झुकून 'वाठार, एक अर्धे' म्हणते तेव्हा त्याच्या कानावर नुसता कालवा पडतो. तिने पाटीवर लिहून दिले असते तर त्याने तत्क्षणी तिकीट दिले असते. पण म्हातारीला लिहिता येत नाही, आणि मागे सत्तर उतारू उभे आहेत. चार दिवसांत तक्रारी येतात. आठव्या दिवशी त्याला वैद्यकीय तपासणीला धाडण्यात येते.

तपासणीच्या खोलीत त्याच्या कानांवर यंत्र बसवतात. निरनिराळ्या पट्टीतील शुद्ध स्वर वाजतात, आवाज आला की बटण दाबायचे. तो चोख बटण दाबतो. स्वर त्याला येतातच. आलेख सर्वसाधारण. यावर कोणी चौकस डॉक्टर असला तर बेरा चाचणी करतो. या चाचणीत रुग्णाच्या उत्तरावर विसंबावे लागत नाही. डोक्याला तारा लावून मेंदूच्या बुंध्यापर्यंत संदेश पोहोचतो की नाही ते पाहतात. तोही पोहोचलेला असतो, कारण बिघाड त्याच्याही पलीकडे आहे. बहिरेपणाचे सोंग घेणारा पकडता यावा म्हणूनही जी चाचणी वापरतात, तीच चाचणी खऱ्या रुग्णाला सोंगाड्या ठरवते. पूर्ण मेंदूजन्य बहिरेपण असलेल्याची तर याहून दैना. त्याला काही ऐकू येत नाही असे तो सांगतो, परंतु दार आपटले की त्याची मान नकळत वळते, कारण ती वळवणारे केंद्र खाली असून शाबूत आहे. पाहणाऱ्याला एवढा पुरावा पुरतो.

या कंडक्टरला दाखला मिळाला तर २०१६ च्या कायद्याचे विसावे कलम त्याच्या बाजूने उभे राहते. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास सरकारी आस्थापनेला काढून टाकता येत नाही, त्याचा दर्जा घटवता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसऱ्या जागी नेमावे लागते, जागा नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करावे लागते. डेपोत हिशेबाचे, भांडाराचे, लिहिण्या-वाचण्याचे काम तो निवृत्तीपर्यंत करू शकेल. दाखला मिळाला नाही तर मात्र तो एक धडधाकट माणूस, जो काम करण्यास नाकारतो. चाळीस टक्क्यांच्या एका कागदावर त्याच्या घरातील चुलीचा प्रश्न टांगलेला असतो. १९८० पासून चालू असलेल्या संजय गांधी निराधार योजनेसारख्या अनुदानालाही अपंग म्हणून जायचे तर हाच कागद लागतो. सरकारी नोकरी नसलेल्या हमालाला, ऊसतोडणी कामगाराला, घरकाम करणाऱ्या बाईला विसावे कलम मुळातच नाही. तिला निदान अनुदानाचा तो कागद तरी मिळावा की नको?

कायद्याच्या यादीत 'वाचा व भाषा' यांचे अपंगत्व निराळे दिलेले आहे आणि त्यात वाचाघाताचा नावानिशी उल्लेख आहे, असे येथे कोणी दाखवून देईल. उल्लेख आहे, आणि तो घालणाऱ्यांना त्याचे श्रेय द्यावे. परंतु ते घर मुख्यतः ज्याचे बोलणे गेले त्याच्यासाठी बांधलेले आहे. ज्याचे बोलणे, वाचणे, लिहिणे शाबूत असून केवळ ऐकलेला शब्द पोहोचत नाही, त्याचे दुखणे तेथेही अर्धेमुर्धेच बसते; आणि तेवढे बसवण्यासाठीदेखील जिल्हा रुग्णालयाच्या मंडळावर हा भेद ओळखणारा माणूस हवा. कानाच्या खिडकीवर गेलेल्याला 'ही तुमची खिडकी नव्हे' एवढेच सांगण्यात येते. दुसरी कोणती, हे सांगणारा तेथे कोणी नसतो.

गंमत अशी की १९२३ सालच्या, म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या, कामगार नुकसानभरपाई कायद्याला ही दृष्टी अर्धवट का होईना, होती. त्याच्या पुढे सुधारलेल्या परिशिष्टात दृष्टिनाशाची कसोटी अशी ठेवली होती की ज्या कामाला डोळ्यांची आवश्यकता आहे असे कोणतेही काम तो माणूस करू शकत नसेल, तर शंभर टक्के हानी. डोळ्याची परीक्षा कामावरून. कानाच्या बाबतीत मात्र तेथेही नुसते 'संपूर्ण बहिरेपण' एवढे दोनच शब्द. गिरणीतल्या मागांच्या खडखडाटात, बॉयलरवरच्या घणांखाली कामगारांचे कान जात होते त्या काळीही ऐकणे म्हणजे काम करण्याची शक्ती असा विचार कोणी केला नाही.

असे का व्हावे? त्याचे उत्तर वैद्यकशास्त्रात मिळत नाही, अर्थशास्त्रात मिळते. कानावर वस्तू बसवता येते. श्रवणयंत्र ही वस्तू आहे. तिचा कारखाना आहे, आयातदार आहे, वितरक आहे, दुकान आहे, हप्त्यांची सोय आहे, दर दोन वर्षांनी निघणारा नवा नमुना आहे. शासनालाही ती सोयीची. १९८१ पासून अपंगांना साधने पुरवण्याची केंद्राची योजना आहे, आणि साधन वाटले की छायाचित्र निघते, आकडा जमतो, खर्चाचे प्रमाणपत्र धाडता येते. मेंदूजन्य बहिरेपणाला मात्र बसवायची वस्तूच नाही. आवाज मोठा केल्याने काही साधत नाही. न कळणारा शब्द मोठ्याने ऐकू आला तरी तो न कळणाराच राहतो. येथे लागतो तो माणूस. वाचा-श्रवणतज्ज्ञ आठवड्यातून तीन-चार वेळा रुग्णासमोर बसतो, ओठांच्या हालचाली वाचायला शिकवतो, 'प' आणि 'ब' यांतला फरक पुन्हा पुन्हा ऐकवून घटवून घेतो, घरच्यांना सावकाश, एकेकट्याने, समोर तोंड करून बोलायला लावतो, पाटी-पेन्सिलीची सवय करून देतो. यात महिने जातात, कधी वर्ष जाते. सुधारणा होते, परंतु ती हळू होते आणि पूर्ण होईल याची हमी कोणी देत नाही. भांडवलाच्या दृष्टीने हा सर्वांत वाईट व्यवहार होय: खर्चाचा बहुतेक भाग मजुरीचा, उत्पादकता वाढण्याजोगी नाही, एकाच्या श्रमातून हजार प्रती काढता येत नाहीत, आणि गिऱ्हाईक बहुधा कमावण्याची शक्ती गमावलेला. बाजार असला माल ठेवत नाही. बाजार ठेवत नाही तेथे राज्याने ठेवावा, यासाठीच तर कल्याणकारी राज्याची कल्पना जन्माला आली. पण आपले राज्य बाजाराच्या दुकानात जे मांडलेले असेल तेच घाऊक भावाने घेऊन वाटू लागले आहे.

शुद्ध स्वराची चाचणी इतकी लोकप्रिय होण्यामागेही हाच हिशेब आहे. शुद्ध स्वराला भाषा लागत नाही. एकदा यंत्र घेतले की ते गडचिरोलीत आणि गुहागरात सारखेच वाजते. शब्द ऐकून समजतो की नाही हे तपासायचे तर रुग्णाच्या भाषेतील शब्द लागतात. नंदुरबारच्या भिल्लाला पुण्याच्या मराठीतली यादी ऐकवून त्याची शब्दबधिरता ठरवता येणार नाही. अहिराणी, भिली, गोंडी, कोकणी, दखनी यांतल्या याद्या कराव्या लागतील, आणि त्या ऐकवायला ती बोली जाणणारी माणसे तयार करावी लागतील. त्यांना पगार द्यावा लागेल. यंत्राला पगार नसतो. तेव्हा मोजायचे ते यंत्राला मोजता येईल तेवढेच, असा व्यवहार रूढ झाला आणि पुढे त्याचाच कायदा झाला.

२०१८ च्या सप्टेंबरात मोठ्या गाजावाजाने सुरू झालेली आयुष्मान भारत योजना पाहावी. कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण, असे तिचे वर्णन. झटका आलेल्या माणसाला दाखल केले तर त्या योजनेचा उपयोग होतो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ती रुग्णालयातील खाटेची योजना आहे. घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस ती धरते; बाह्यरुग्ण विभागातले उपचार तिच्या कक्षेत नाहीत. पंधरा दिवसांत शब्दबधिर माणसाला अजून आपल्याला काय झाले आहे हेही उमगलेले नसते. ज्या दिवशी खरे काम सुरू व्हायचे त्या दिवशी विम्याचे दार बंद होते. खाट भरली की खासगी रुग्णालयाला पैसे मिळतात. खाटेवरून उठलेल्या माणसाच्या पुनर्वसनात कोणाचा वाटा नाही, म्हणून ते कोणाच्या योजनेत नाही. याच सुमारास आणखी एक सूचक गोष्ट घडली. २०१० साली केंद्राने कर्करोग, मधुमेह, हृदयविकार व पक्षाघात यांच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला होता. २०२३ साली त्याचे नाव बदलून ते 'असंसर्गजन्य रोग' असे सुटसुटीत करण्यात आले. पक्षाघात हा शब्द पाटीवरून गेला. पाटीवरून गेल्याने आजार जात नाही, पण मागणी करणाऱ्याच्या हातातले एक बोट मात्र निसटते.

माणसाच्या श्रमाने काय साधते याचे उदाहरण हवे असेल तर ते सोव्हिएत रशियातले आहे, आणि समाजवाद्यांनी ते अर्धे न सांगता पूर्ण सांगावे. विसारिओन शेबालिन हा नामांकित संगीतरचनाकार मॉस्कोच्या संगीत विद्यालयाचा संचालक होता. १९४८ साली झ्दानोव्हच्या फर्मानाच्या लाटेत 'औपचारिकतावादी' म्हणून त्याला त्या पदावरून दूर करण्यात आले. १९५३ साली त्याला पहिला झटका आला, १९५९ साली दुसरा. दुसऱ्यानंतर त्याचे बोलणे जवळजवळ गेले आणि बोललेले समजणेही फार अवघड झाले. अलेक्सांद्र लुरिया आणि त्याचे सहकारी यांनी त्याचा अभ्यास केला आणि १९६५ साली तो प्रसिद्ध केला. शब्द हरवलेल्या या माणसाचा सूर मात्र हरवला नव्हता. तो रचना करीत राहिला, विद्यार्थ्यांच्या रचना तपासत राहिला, १९६२ साली त्याने पाचवी सिंफनी पुरी केली आणि १९६३ साली तो वारला. ऐकणे ही एक गोष्ट नसून अनेक गोष्टी आहेत आणि त्यातली एक गेली तरी दुसरीच्या आधाराने माणूस उभा राहू शकतो, हे यावरून दिसते. लुरियाने दुसऱ्या महायुद्धात मेंदूला जखमा झालेल्या सैनिकांसाठी उरल प्रदेशात पुनर्वसनाचे रुग्णालय चालवले; तेथे यंत्रे फारशी नव्हती, रुग्णासमोर तासन्‌तास बसणारी माणसे होती. ज्या राजवटीने शेबालिनचा विचारस्वातंत्र्याचा हक्क नाकारला तिनेच त्याच्या रोगाला वेळ दिला. पहिल्या गोष्टीबद्दल लोकशाही समाजवाद्यांनी तिचा धिक्कार केला आणि तो योग्यच होता. दुसरी गोष्ट मात्र लोकशाहीच्या चौकटीत का साधू नये, हे कोणी सांगावे.

आता त्या दोन झटक्यांकडे पुन्हा वळले पाहिजे. मेंदूजन्य बहिरेपण बहुधा दुसऱ्या झटक्यानंतर येते, याचा अर्थ पहिल्या आणि दुसऱ्या झटक्याच्या मध्ये राज्याला एक सवड मिळालेली असते. या काळात करायचे काय, याबद्दल वैद्यकात वाद नाही. रक्तदाब ताब्यात ठेवायचा. त्यासाठी लागणाऱ्या गोळ्या जुन्या, स्वस्त आणि कोणाच्याही पेटंटमध्ये नसलेल्या आहेत. त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दर महिन्याला असल्या पाहिजेत आणि मजुराला त्यांच्यासाठी रोजगार बुडवावा लागता कामा नये. तरुण वयातील काही रुग्णांत गुठळी हृदयातून येते. लहानपणी घसा दुखून आलेल्या संधिवाती तापाने हृदयाची झडप खराब होते, तेथे गुठळ्या साचतात आणि मेंदूच्या एका पाठोपाठ दुसऱ्या बाजूला जाऊन अडकतात. दाटीवाटीच्या झोपड्यांतला हा आजार आहे. ज्याला तो एकदा झाला त्याला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन दिल्याने पुढचे नुकसान बरेच टळते. पेनिसिलिनमध्ये आता नफा उरलेला नाही, म्हणून त्याच्या जाहिराती दिसत नाहीत. दुसरा झटका हा पुष्कळदा दैवाचा नसून औषधाच्या रिकाम्या कपाटाचा असतो.

दोन आक्षेपांना उत्तर दिले पाहिजे. पहिला आक्षेप संख्येचा: पूर्ण मेंदूजन्य बहिरेपण अत्यंत विरळा, मूठभर लोकांसाठी कायदा कशाला ढवळायचा? तो विरळा आहे हे खरेच. पण झटक्यानंतर गर्दीत बोललेले न समजणे, भरभर बोललेले न समजणे, आवाज कोठून येतो ते न कळणे, एक कान कायमचा जाणे, या सर्व छटा एकत्र धरल्या तर तो मूठभरांचा प्रश्न राहत नाही. किती जणांचा, हे सांगायला आकडा हवा. आणि ज्या अपंगत्वाला फॉर्मवर रकानाच नाही त्याची गणना होणार कशी? रकाना न ठेवता गणना शून्य दाखवायची आणि त्या शून्याच्या आधारे रकाना नाकारायचा, ही सरकारी तर्कपद्धती कार्यकर्त्यांच्या ओळखीची आहे. शिवाय 'विरळा' या शब्दाने हक्क लहान होतो हे कोणत्या न्यायाने?

दुसरा आक्षेप लबाडीचा. २०२४ साली बनावट अपंगत्व दाखल्यांवरून महाराष्ट्रात केवढा गहजब झाला ते सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर दाखल्याच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाकडे चोर म्हणून पाहण्याची मुभा जणू कारकुनाला मिळाली. ज्यांच्यापाशी पैसा, ओळख आणि पद आहे त्यांनी व्यवस्था वाकवली, आणि तिचा काच मात्र झेडपीच्या दवाखान्याबाहेर उकिडव्या बसलेल्या माणसाला. लबाडी शोधण्याचा उपाय म्हणून चाचण्या वाढवणार असाल तर अवश्य वाढवाव्यात. शब्द समजण्याची चाचणी ही त्यांतलीच एक होय, आणि मेंदूचा स्कॅन तर झटक्याच्या दिवशीच काढलेला असतो. दोन्ही कानशिलांखालचा मृत पट्टा त्यात स्वच्छ दिसतो. तो पुरावा रुग्णाच्या पिशवीत असताना कानाच्या आलेखावर निकाल देणे याला दक्षता म्हणत नाहीत.

टीका करताना स्वतःच्या घरातही डोकावले पाहिजे. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला श्रवणयंत्रांचे शिबिर भरवण्याची प्रथा आता कोणत्याच पक्षाला परकी राहिलेली नाही. समाजवादी म्हणवणाऱ्यांनाही नाही. मांडवात दीडशे म्हातारे ओळीने बसतात, कंपनीचा माणूस कानाचा साचा घेतो, महिन्याने यंत्र येते. त्यांपैकी ज्यांना झटका येऊन गेला आहे त्यांना यंत्राने काही फरक पडला का, हे विचारायला पुन्हा कोणी जात नाही. कामगार संघटनाही रुग्णालयाच्या मागण्यांच्या यादीत एमआरआय यंत्र वर घालतात आणि वाचा-श्रवणतज्ज्ञाचे रिकामे पद खाली, तेही कोणी आठवण केली तर. यंत्राचे उद्घाटन होते. भरलेल्या पदाचे उद्घाटन होत नाही. वस्तूची मोहिनी केवळ भांडवलदारांवर असते असे समजण्याचे कारण नाही.

मागणी काय करायची, तर ती फार अवघड नाही. बहिरेपणाची व्याख्या २०१६ च्या कायद्याच्या अनुसूचीत आहे, आणि त्या कायद्याच्या नव्याण्णवाव्या कलमाने अनुसूची बदलण्याचा अधिकार केंद्र सरकारला अधिसूचनेद्वारे दिलेला आहे. संसदेत विधेयक आणावे लागत नाही. राज्य सरकारला तशी शिफारस करता येते. अपंगत्व मोजण्याची मार्गदर्शक तत्त्वे तर २०१८ साली निघाली आणि २०२४ साली सुधारून पुन्हा निघाली. म्हणजे ती दगडावरची रेघ नव्हे. मेंदूच्या इजेमुळे बोललेले न समजणे हे श्रवणाच्या अपंगत्वात, कानाच्या डेसिबलांची अट न लावता, धरावे. कसोटी शब्द समजण्याची आणि ती रुग्णाच्या बोलीत असावी. मंडळावर मज्जातज्ज्ञ वा निदान त्याचा अहवाल बंधनकारक असावा. वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था वाचा व श्रवण याच विषयावर काम करते; बोलीनिहाय शब्दयाद्यांचे काम तिच्याकडे सोपवता येईल. आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वाचा-श्रवणतज्ज्ञाची कायम पदे असावीत, कंत्राटी नव्हेत. कारण अकरा महिन्यांच्या कंत्राटावरचा माणूस वर्षभराचा उपचार पुरा करू शकत नाही.

हे पत्रक काढून भागणार नाही. येत्या दोन महिन्यांत प्रत्येक जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी जिल्हा शल्यचिकित्सकाला माहितीच्या अधिकारात तीन प्रश्न विचारावेत: गेल्या पाच वर्षांत पक्षाघाताच्या किती रुग्णांना श्रवणाच्या वा वाचा-भाषेच्या अपंगत्वाचा दाखला मिळाला, किती अर्ज केवळ ऑडिओग्रामवर फेटाळले, आणि वाचा-श्रवणतज्ज्ञाची मंजूर पदे किती व त्यांपैकी भरलेली किती. उत्तर 'माहिती उपलब्ध नाही' असे आले तर तेही लेखी घ्यावे, आणि तोच कागद शिफारशीच्या मागणीला जोडून मंत्रालयातील दिव्यांग कल्याण विभागात दाखल करावा. झटका येऊन गेलेला एखादा सभासद बैठकीत गप्प बसतो, विचारल्यावर भलतेच उत्तर देतो, म्हणून त्याला बोलावणे बंद केले असेल, तर जिल्ह्याचे काम सुरू करण्याआधी कार्यकर्त्यांनी त्याच्या घरी पाटी आणि पेन्सिल घेऊन जावे.